फर्स्ट इयरच्या पोरांना "काही लागलं तर सांग" एवढं म्हणून सोडू नका

ओरिएंटेशनला सगळं सांगून होतं, लायब्ररी कुठे, अटेंडन्स किती लागते, फॉर्म कधी भरायचा, आणि शेवटी प्रत्येक जण म्हणतो की अडचण आली तर बिनधास्त या. मनापासूनच म्हणतात, पण ज्याला खरी गरज असते तोच येत नाही. पहिल्या दिवशी त्याला काही अडचणच नसते आणि पहिल्या टेस्टचे मार्क बघून जेव्हा कळतं तोपर्यंत त्याने ठरवून टाकलेलं असतं की सगळ्यांना जमतंय, मलाच जमत नाहीये. शाळेत कायम वरच्या नंबरात असलेल्या पोरांचं तर फारच अवघड होतं, कारण त्यांना कुणाला काही विचारायची सवयच नसते.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणिताचे अभ्यासक युरी ट्रीझमन यांनी हाच प्रश्न धरून ठेवला होता. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं इतकी मागे का पडतात? प्राध्यापकांचे अंदाज ठरलेले, मेहनत कमी, बेस कच्चा, घरून पाठिंबा नाही. ट्रीझमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या मुलांचा अभ्यास जवळून पाहिला आणि हे सगळे अंदाज चुकीचे निघाले. कृष्णवर्णीय मुलं मेहनत करत होती, पण एकेकटी. चिनी मुलं आधी स्वतः गणितं सोडवायची आणि मग एकत्र बसून ताडून बघायची, त्यामुळे आपलं कुठे चुकतंय आणि ते फक्त आपलंच चुकतंय का, हे त्यांना लगेच कळायचं. मग ट्रीझमन यांनी ग्रुपमध्ये बसून मुद्दाम अवघड गणितं सोडवायचे वर्ग सुरू केले, 'कच्च्या मुलांसाठी' अशी पाटी न लावता, आणि निकाल खरंच बदलले. मला यातली पाटी न लावण्याची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'वीक स्टुडंट' अशी यादी नोटीस बोर्डावर लावून त्यांना एक्स्ट्रा लेक्चरला बसवलं तर कोण मोकळेपणाने डाउट विचारेल?

१९७३ मध्ये मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी कॅम्पसमध्ये डिॲना मार्टिन यांनी असंच काहीसं सुरू केलं, अवघड मुलं नाही तर अवघड विषय निवडायचे, तो विषय चांगल्या मार्कांनी सुटलेला सिनिअर परत त्या लेक्चरला बसतो आणि आठवड्यातून काही वेळा सेशन घेतो, यायचं त्याने यावं. आज अनेक देशांत हे चालतं. याला फार पैसे किंवा नवी बिल्डिंग लागत नाही हो, एक रिकामी वर्गखोली आणि मनावर घेणारे चार सिनिअर लागतात (आणि त्यांना थोडं मानधन द्याच, फुकटात राबवू नका).

सिनिअर लोकांनो, तुम्हाला एकच विनंती. ज्युनिअरला नोट्सची पीडीएफ पाठवता तशी तुमची पहिली सेमिस्टर कशी गेली तेही खरं खरं सांगा, कुठल्या विषयात आपटलात, किती दिवस कुणाशी ओळख नव्हती, कधी सगळं सोडून घरी जावंसं वाटलं. २०११ मध्ये वॉल्टन आणि कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासात नव्या मुलांना सिनिअर्सचे असेच अनुभव वाचायला दिले होते, फक्त तासाभराचं काम, आणि कृष्णवर्णीय मुलांचे मार्क पुढची तीन वर्षं वर गेले.

पण एखादं पोर लेक्चरलाच येईनासं झालं, झोपत नाही, जेवत नाही असं दिसलं तर अनुभव सांगत बसू नका, त्याला सोबत घेऊन काउन्सेलरकडे जा. नंबर फॉरवर्ड करून उपयोग नाही, तो फोन करणार नाही.

आणि सर-मॅडम, पहिल्या टेस्टचे मार्क लागतील त्याच आठवड्यात मुलांचे चार-चारचे ग्रुप तुम्हीच पाडून द्या. "आपापले ग्रुप करा" म्हणालात की जो एकटा आहे तो एकटाच राहतो.