'स्पष्टवक्ता' यांना उत्तर : मेपल लीफ गार्डन्स म्हणजे "शेवटी किराणा दुकानच ना?"

'स्पष्टवक्ता', नमस्कार.

टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्सवर, म्हणजे तिथल्या आइस हॉकीच्या जुन्या स्टेडियमवर, मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली : "अहो बाई, शेवटी तिथे किराणा दुकानच झालं ना? मग एवढा गळा काढायचं कारण काय? शेवटच्या सामन्याचा स्कोअरही चुकलाय. आणि मंदीत कामगारांच्या गळ्यात पगाराऐवजी शेअर मारले, त्याला तुम्ही त्याग म्हणता. परदेशात बसून असे उमाळे येतातच."

स्कोअर चुकला, मान्य. १३ फेब्रुवारी १९९९ला शिकागोने लीफ्सना, म्हणजे टोरांटोच्या मेपल लीफ्स संघाला, ६-२ हरवलं, मी ६-३ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार. शेवटचा गोल बॉब प्रोबर्टचा, हे त्याच परिच्छेदात बरोबर होतं. ते तुम्हाला दिसलं नाही, चूक तेवढी दिसली.

आता 'गळा काढणं' आणि 'उमाळे'. मी १९९६च्या जानेवारीत टोरांटोला आले. पहिली नोकरी कार्लटन स्ट्रीटवर, एका तळघरातल्या ऑफिसात. रोज कॉलेज स्टेशनवर उतरायचं. तिथे एका फलाटाच्या भिंतीवर लीफ्सचे खेळाडू रंगवलेले आणि समोरच्या फलाटावर मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचे. मधून गाडी जाते आणि दोन्ही संघ एकमेकांकडे बघत उभे असतात. मला तेव्हा आइस हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. एका सहकाऱ्याने जास्तीचं तिकीट दिलं, सगळ्यात वरच्या करड्या खुर्च्यांचं. एवढ्या उंचावरूनही स्केटच्या पात्यांनी बर्फ खरवडल्याचा आवाज येत होता, आणि नजरेच्या आड एकही खांब नव्हता. ज्या वास्तूत मला या शहरात पहिल्यांदा आपलं वाटलं, तिच्याबद्दल मी लिहिलं. याला उमाळा म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग 'स्पष्टवक्ता' हे टोपणनाव घेऊन दुसऱ्याच्या आयुष्यावर शेरा मारणं याला काय म्हणायचं तेही सांगा.

आणि किराणा दुकान! लेख नीट वाचला असतात तर हे वाक्य लिहिलंच नसतंत. 'ओरिजिनल सिक्स' म्हणतात त्या, हॉकीच्या एनएचएल लीगमधल्या सहा जुन्या संघांच्या जुन्या घरांचं काय झालं ते बघा. न्यूयॉर्कचं जुनं मॅडिसन स्क्वेअर गार्डन १९६८ला पाडलं. डेट्रॉइटचं ऑलिम्पिया १९८७ला गेलं, शिकागो स्टेडियम १९९५ला, आणि बॉस्टन गार्डन त्यानंतर दोनतीन वर्षांत. मॉन्ट्रियल फोरमची इमारत राहिली, पण आत सिनेमागृहं आली. गार्डन्सच्या पिवळ्या विटांच्या भिंती आणि घुमटाचं छत मात्र अजून जागेवर आहे. खाली २०११च्या नोव्हेंबरात लॉब्लॉजचं दुकान सुरू झालं, आणि वरच्या मजल्यावर, त्याच जुन्या छताखाली, विद्यापीठाची बर्फाची रिंक आहे. तिथे आजही हॉकी खेळतात. हे तुम्ही वाचलंत का? की 'किराणा' या शब्दावरच अडकलात?

गार्डन्सवर घाला पडला तो दुकानामुळे नाही. फॉस्टर ह्यूइट ज्या गोंडोलातून रेडिओवर सामन्यांचं वर्णन करायचा, बर्फापासून ५६ फूट उंच टांगलेला तो कठडा, देशभरातल्या लोकांनी ज्याच्यामुळे हॉकी कानांनी पाहिली, तो १९७९ला मालक हॅरॉल्ड बॅलार्डने खासगी बॉक्ससाठी काढला आणि भट्टीत टाकला. तेव्हा तिथे किराणा नव्हता, हॉकीच होती. हॉकीच्याच माणसाने ते केलं. मला राग येतो तो याचा. लॉब्लॉजने निदान जुन्या निळ्या खुर्च्या जोडून भिंतीवर भलंमोठं मेपलचं पान केलं.

कामगारांच्या शेअरचा विषय वेगळा आहे आणि माझा लेख त्याबद्दल नव्हता. लीफ्सच्या व्यवस्थापनातला फ्रँक सेल्की स्वतः इलेक्ट्रिशियन लोकांच्या युनियनमधला माणूस. त्याने युनियन्सशी बोलून पगाराचा २० टक्के भाग शेअरमध्ये घ्यायला त्यांना राजी केलं. १९३१च्या जूनमध्ये गार्डन्सचं काम सुरू झालं आणि १२ नोव्हेंबरला पहिला सामना झाला. तुम्हाला त्यात जबरदस्ती दिसते, मला भरवसा दिसतो. यावर मी वाद घालत बसणार नाही.

त्या पहिल्या सामन्यातही शिकागोच जिंकलं होतं, २-१. पहिला गोल केला मश मार्चने. १९९९च्या शेवटच्या सामन्याआधी पक (खेळायची रबरी चकती) टाकायला बर्फावर आला तो हाच मश मार्च, नव्वदीतला, आणि त्याच्याबरोबर लीफ्सचा रेड हॉर्नर. त्या रात्री मी घरी टीव्हीसमोर बसून रडले होते. लेखात हे लिहायला संकोच वाटला होता, आता लिहिते. काढला गळा.

तुम्ही कधी टोरांटोला आलात तर त्या दुकानात २५ नंबरच्या रांगेत जा. फरशीवर एक लाल ठिपका आहे, जुन्या रिंकचा मध्यबिंदू तिथे होता. लोक ढकलगाडी घेऊन त्याच्यावरून जातात. मी थांबते. एकदा एक म्हातारे गृहस्थ नातवाला त्यावर उभं करून, त्याचे खांदे धरून, कुठल्या बाजूला कोणाचा गोल असायचा ते हाताने दाखवत होते. पोराच्या हातात दुधाची पिशवी होती आणि तो खरंच त्या दिशेला बघत होता.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा, पण 'अहो बाई' वगळा. माझं नाव ब्लॉगच्या माथ्यावर आहे.