‘कौतुकपेटी बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ऐरोली-घणसोलीच्या पालकांच्या ग्रुपांवर फिरत असलेला ‘वर्गातली कौतुकपेटी बंद करा’ हा मेसेज आता माझ्या वहिनीपर्यंत पोहोचलाय. तिचा मुलगा पाचवीत आहे आणि पालकसभेत ती हा विषय काढणार आहे, म्हणून हे लिहितोय. मेसेजचं म्हणणं असं: वर्गमित्रांच्या चांगल्या वागण्याच्या चिठ्ठ्या लिहून पेटीत टाकल्याने मुलं शेफारतात, अभ्यासाचा वेळ जातो, चार लाडक्यांचीच नावं येतात, बक्षिसासाठी मुलं चांगुलपणाचं नाटक करतात, आणि हे परदेशी फॅड आहे. त्याऐवजी प्रत्येकाने रोज शेजारच्याची एक चूक ‘चूकवही’त लिहावी आणि ती सगळ्या वर्गासमोर वाचावी, म्हणजे शिस्त लागेल.

आधी ही चूकवहीच घेऊ, कारण बाकीचे मुद्दे चुकीचे किंवा अर्धेच खरे आहेत, पण हा मुलांना इजा करणारा आहे. बोलणाऱ्यांची नावं मॉनिटरने फळ्यावर लिहायची, ही पद्धत आपल्याकडे आहेच. त्यात काय होतं ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. मित्राचं नाव हळूच पुसलं जातं, ज्याच्याशी भांडण त्याच्या नावापुढे फुल्या वाढतात, आणि महिनाभरात दोन-तीन नावं कायमची होतात. मग मागच्या बाकावर काहीही पडलं तरी वर्ग त्यांच्याकडेच बघतो. चूकवहीने हेच काम चाळीस मुलांच्या हातात जाईल. शिवाय ‘हा मध्येच बोलतो’ हे वाचून त्या मुलाला काय करू नये एवढंच कळतं. ‘गटकामात त्याने माझं पूर्ण ऐकून घेतलं’ हे वाचल्यावर करायचं काय ते कळतं, त्यालाही आणि ऐकणाऱ्या सगळ्यांनाही. आणि रोज सगळ्यांसमोर मुलाच्या चुका वाचणं हा त्याचा छळच आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केलेली आहे.

उलट बाजूचा पुरावा हवा असेल तर क्रिस्टोफर स्किनर आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा अभ्यास ‘सायकॉलॉजी इन द स्कूल्स’मध्ये आहे. अमेरिकेतला चौथीचा वर्ग. सोबत्यांनी केलेली मदत मुलं छोट्या कार्डांवर टिपायची आणि सगळ्या वर्गाचं मिळून एकच लक्ष्य असायचं. एकूण आकडा सर्वांना दिसेल असा लावलेला. ही योजना चालू असताना नोंदी वाढल्या, काढून घेतल्यावर घसरल्या, परत आणल्यावर पुन्हा वाढल्या. म्हणजे मुलांची नजर चांगल्याकडे वळवता येते, पण त्यासाठी रचना लागते.

नुसती पेटी ठेवून दिली, तर लाडक्यांचीच नावं येतात. एवढं मात्र मेसेजचं खरं आहे. त्यावर उपाय सोपा आहे. सोमवारी प्रत्येकाने हजेरी क्रमांकाची एक चिठ्ठी उचलायची आणि शुक्रवारपर्यंत त्या मुलाकडे लक्ष ठेवून एक नोंद लिहायची. आपलाच क्रमांक आला तर बदलून घ्यायचा. पाठकोऱ्या कागदाचे आठ तुकडे केले की चिठ्ठ्या झाल्या. चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात: कोणी, नेमकं काय केलं, त्याने कोणाचं काय भलं झालं. ‘तू खूप छान आहेस’ ही चिठ्ठी परत द्यायची, कारण तिच्यातून कोणीच काही शिकत नाही. ‘मी आजारी होते तेव्हा तिने विज्ञानाची वही दिली, म्हणून माझा स्वाध्याय पूर्ण झाला’ ही चालते. मराठी लिहायला अडखळणाऱ्याने हिंदीत, कन्नडमध्ये, जमेल त्या भाषेत लिहावं. पहिली-दुसरीत तोंडी सांगितलं तरी पुरे. आणि प्रत्येक चिठ्ठी बाईंनी किंवा सरांनी आधी वाचलीच पाहिजे. ‘आज पहिल्यांदाच अंघोळ करून आला’ असं कोणीतरी लिहितंच, आणि ते मोठ्याने वाचलं गेलं की पेटी संपली. काही मुलांना सगळ्यांसमोर नाव घेतलेलं नको असतं. त्यांना चिठ्ठी हातात द्यावी.

बक्षिसाचा मुद्दा अर्धा खरा आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये दाखवलं की आवडीने चित्र काढणाऱ्या लहान मुलांना आधीच प्रशस्तिपत्रकाचं आमिष दाखवलं, तर पुढे ती आपणहून कमी चित्रं काढतात. ज्यांना ते न सांगता मिळालं, त्यांच्यात ही घट दिसली नाही. म्हणून भिंतीवर नावांपुढे स्टार लावू नका, पेन-खोडरबर वाटू नका. लक्ष्य सगळ्या वर्गाचं ठेवा आणि ते गाठल्यावर सगळ्यांना मिळून पंधरा मिनिटं मैदान द्या.

वेळेचं गणित तर करून बघा. चाळीस मुलं, आठवड्याला प्रत्येकाची एक चिठ्ठी, शेवटच्या तासाला रोज आठ वाचायच्या. एकीला वीस सेकंद धरले तरी तीन मिनिटंसुद्धा होत नाहीत.

मुलं शेफारतात ती ‘किती हुशार आहेस’ या कौतुकाने. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशारीची स्तुती ऐकलेली मुलं पुढच्या अपयशानंतर लवकर ढेपाळली, मेहनतीची स्तुती ऐकलेली टिकून राहिली. चिठ्ठीत केलेली गोष्ट लिहायची सक्ती आहे ती यासाठीच. परदेशी फॅडाबद्दल एवढंच, की आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या प्रगतिपत्रकात सहाध्यायांनी केलेलं मूल्यमापनही आहे.

पालकसभेत विचारायचंच असेल तर हे विचारा: चिठ्ठ्या आधी कोण वाचतं? कोणाला किती आल्या, याची खूण हजेरीपटाच्या प्रतीवर होते का? आणि दोन आठवडे ज्याचं नावच आलं नाही, त्याच्याबद्दलची चिठ्ठी शिक्षक स्वतः लिहितात का?