पिंजरा लावा, निवांत झोपा

जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पट्ट्यात तुमचा ऊस असेल आणि उसात बिबट्या दिसला असेल, तर घाबरून जाऊ नका. आधी त्याला नीट बघून घ्या. एकट्याने जायचं नाही. वस्तीवरची पोरं, शेजारच्या गावची पोरं, मोटारसायकली, मोबाईल असा सगळा सरंजाम घेऊन फड घेरायचा, शिट्ट्या मारायच्या, फटाके फोडायचे. तीन बाजूंनी कोंडल्यावर तो चौथ्या बाजूने ज्याच्या अंगावर जाईल, तो हल्ल्यातला जखमी. आता बिबट्याला नरभक्षक म्हणायला आपण मोकळे.

(ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घराने पिंजरा मागितला तर मी एक अक्षर बोलणार नाही. सल्ला बाकीच्यांना आहे.)

मग निवेदन द्या. मागणी एकच ठेवा, पिंजरा. वन विभागाची माणसं सांगतील, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, बिबट्या त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, पकडायला वरून परवानगी लागते. त्यांच्या नादी लागू नका. रस्त्यावर बसा, एसटी अडवा. टायर जळाला की फाईल पळते.

पिंजऱ्याला दोन खण असतात. मागच्यात जाळीआड शेळी, पुढच्यात फळी. फळीवर पाय पडला की दार धाडकन खाली. आत अडकलेलं जनावर सळयांवर डोकं आपटतं, कपाळ फुटतं, सळया चावून सुळे तुटतात. शेळी त्या जाळीला पाठ लावून उभी असते आणि तिला पळायला जागा नसते. सकाळी दर्शनाला अख्खा तालुका लोटतो. लहान पोरांना खांद्यावर घ्या म्हणजे त्यांनाही नीट दिसेल.

सापडलेला बिबट्या 'तोच' आहे का, असं विचारणाऱ्याला गावद्रोही समजा. शेळीला भुलून आत शिरला एवढा गुन्हा पुरेसा आहे.

आता त्याला लांब सोडून यायचं. हा उपाय आपल्याकडे पूर्वी करून झालेला आहे. जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. मग 29 बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले, आणि 2001 ते 2003 मध्ये हीच सरासरी 17 वर गेली. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं मांडून ठेवलंय. जागा सुटलेलं, बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात माणसांना जास्त नडतं, असं त्यातून दिसतं. पण आकडेमोड हा रिकाम्या लोकांचा उद्योग. आपल्या शिवारातून गेला ना? पलीकडच्या गावाला तोंड आहे, त्यांनी त्यांचा पिंजरा मागावा.

काही बिबट्यांना तर मुळात सरकारी निर्णय कळतच नाहीत. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर गळ्यात माग काढणारी कॉलर घालून माळशेजला सोडला, तर पठ्ठ्या हायवे आणि रेल्वेचे रूळ ओलांडत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे चालत गेला. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, आणि वाटेत कुणाला ओरखडा नाही. असले अपवाद चारचौघांत सांगू नयेत, चळवळीचा जोर जातो.

तुम्ही पुण्यात पंधराव्या मजल्यावर राहत असाल तर तुमचं काम सोपं आहे. 'आपण त्यांच्या घरात घुसलोय' एवढं लिहा आणि खाली लाल हृदय टाका. ऊस म्हणजे कुणाचं घर, तो लावला कुणी, त्यात जन्मलेल्या बछड्याने जंगल पाहिलंय का, हे विचारायला तुम्हाला कुणी येणार नाही. लिफ्टमध्ये कुत्रं दिसलं की सोसायटीत तक्रार करायला मात्र विसरू नका.

डहाणू-जव्हारकडचे वारली मात्र वाघोबाला (त्यात बिबट्याही आला) शेंदूर लावतात, वाघबारसेला नैवेद्य दाखवतात, वर त्याच्याशी भांडतातही. देवाला पिंजऱ्यात घालायचं त्यांना सुचलं नाही. शिक्षणाचा अभाव, दुसरं काय.

एक बिबट्या गेला की मोकळ्या जागेत दुसरा येतोच. त्याची गैरसोय होऊ देऊ नका. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या पुरण्यात वेळ घालवू नका, ओढ्यात फेका. कुत्री जोमाने वाढतील, कुत्र्यांमागे तो येईल. शेळ्या उघड्यावर बांधा. बंदिस्त गोठ्याला खर्च येतो आणि त्याचा फोटोही चांगला येत नाही.

निवेदनात चुकूनही दिवसाच्या थ्री फेज लाईटचा विषय काढू नका. मोटर रात्री दोनला चालू करायला लागते म्हणून माणूस उसाच्या सरीत वाकून पाण्याची दारं मोडत असतो, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पिंजरा ट्रॅक्टरवर घालून संध्याकाळपर्यंत आणता येतो, त्यापुढे उभं राहून पुढाऱ्याला भाषणही करता येतं. दिवसाच्या लाईटपुढे उभं राहून फोटो कसा काढणार?