इन्व्हर्टर चालू, तक्रार बंद

सोलापुरात लाईट गेली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, 'एनटीपीसीचा एवढा प्लांट दारात आणि आमच्याच घरी अंधार!' दुसरं परदेशातल्या नातेवाइकासाठी राखीव असतं: 'तुमच्याकडे काय बाबा, लाईट जातच नसेल.'

पहिल्यात राग खरा आहे, निशाणा चुकीचा. फताटेवाडीच्या प्लांटचे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, पण त्यांची वीज उच्चदाब ग्रीडमध्ये जाते आणि राज्याराज्यांत वाटली जाते. २०१३ च्या अखेरीस रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी जोडली गेली. म्हणजे सोलापूर देशाच्या विजेच्या नाक्यावर बसलं आहे. तरीही जुळे सोलापुरातला पंखा थांबतो, कारण बिघाड शेवटच्या टप्प्यात असतो: भागाला वीज आणणाऱ्या ११ केव्हीच्या फिडर लाईनवर फांदी पडते, डीपीवरचा, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ फ्यूज उडतो, खांबावर दोन तारा जोडणारा जंप जळतो, नाहीतर घराकडे येणारी सर्व्हिस वायर सैल होते. भारनियमनाच्या वर्षांत वीजच कमी होती, तेव्हा प्लांटवरून भांडण्यात अर्थ होता. आज भांडायचं तर डीपीवरून भांडावं.

दुसऱ्या वाक्याबद्दल थोडक्यात. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल भर दुपारी एका झटक्यात बंद पडले. इथे ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात दहा लाखांवर ग्राहकांची वीज गेली आणि काही हजार घरं आठवडाभरापेक्षा जास्त अंधारात राहिली, तीही कडाक्याच्या थंडीत. इथल्या बहुतेक घरांचं हीटिंग गॅसवर चालतं, पण बॉयलरचा पंप आणि कंट्रोल विजेवर, त्यामुळे लाईट गेली की घरही गारठतं. फायबरवरचा लँडलाईन फोनही राऊटरबरोबर बंद पडतो. घरात इन्व्हर्टर ठेवायची पद्धत नाही. लाईट गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांपुरतं बोलायचं तर सोलापूरचं मध्यमवर्गीय घर लंडनच्या घरापेक्षा सुखी असतं.

आणि माझ्या मते गोची इथेच आहे. ब्रिटिश माणूस अंधारात बसलेला असतो म्हणून लगेच १०५ लावतो. हा सबंध देशात एकच, फुकट नंबर आहे. वीज कंपनीला मोठ्या लाईनचा बिघाड आपोआप दिसतो, पण गल्लीतल्या लघुदाब तारेचा बिघाड इथेही बहुतेक वेळा कुणीतरी फोन केल्यावरच कळतो. सोलापुरात इन्व्हर्टर 'टक्' करून चालू होतो, पंखा फिरत राहतो आणि पन्नास फ्लॅटच्या सोसायटीत प्रत्येक जण समजतो की दुसऱ्या कुणीतरी कळवलं असेल. झळ बसते ती शहराच्या पूर्व भागात एका खोलीत माग आणि संसार दोन्ही असणाऱ्याला. त्याचं काम थांबतं, आणि फोन करणारा तो एकटाच असतो.

कळवायच्या आधी बिघाड कुणाच्या हद्दीतला ते बघा. शेजारचे दिवे बघून काही ठरवू नका, ते त्यांच्या इन्व्हर्टरवर असतील. रस्त्याचे दिवे बघा, कुणाचा एसी किंवा पिठाची गिरणी चालू आहे का ते बघा. मग मीटर. बटण न दाबताही डिस्प्ले चालू असेल तर वीज मीटरपर्यंत येते आहे आणि दोष तुमच्या बाजूला आहे. डिस्प्ले मेला असेल तर दोष बाहेरचा. मीटरजवळच्या कटआऊटला (मेन फ्यूजला) किंवा सीलला हात लावू नका.

दोष घरातला असेल तर डीबी, म्हणजे घरातली स्विचांची पेटी, उघडा. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा स्विच, ज्याला अजून अनेक जण ईएलसीबी म्हणतात, पडलेला असेल तर सगळे एमसीबी (एकेका लाईनचे छोटे स्विच) खाली करा, आरसीसीबी वर करा आणि एमसीबी एकेक करून चढवा. ज्याच्यावर पुन्हा पडेल त्या लाईनवरचे प्लग काढा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पहिला संशयित कूलरचा पाण्यातला पंप, दुसरा गिझर, तिसरी टाकीची मोटर. सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी टिकत नसेल तर न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, कुठेतरी अर्थिंगला लागलेला असण्याची शक्यता आहे. साधा एक पोलचा एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, म्हणून तो खाली करूनही दोष जात नाही. तिथे वायरमनच हवा. आरसीसीबीला बायपास करून 'तात्पुरतं' चालवून देणारा वायरमन मात्र दारातूनच परत पाठवा.

एक लक्षण सगळ्यांत धोक्याचं: काही दिवे भगभगीत, काही मिणमिणते, पंखा अचानक जोरात. हा 'व्होल्टेजचा प्रॉब्लेम' म्हणून सोडून देऊ नका. बाहेरचा न्यूट्रल तुटला की दोन फेजमधले ४१५ व्होल्ट घराघरांत वेडेवाकडे वाटले जातात. ज्या फेजवर लोड कमी, तिथे व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढतं आणि टीव्ही, फ्रिज, राऊटर एकदम जातात. आधी मेन स्विच बंद करा, मग फोन करा आणि 'न्यूट्रल गेलाय' असंच सांगा. सोसायटीत एकच फेज गेला असेल तर पाण्याची थ्री फेज मोटरही बंद ठेवा. दोन फेजवर ती नुसती गुरगुरते आणि वाइंडिंग जाळून घेते. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. पाळीच्या दिवशी मोटर जळली की पुढच्या पाळीपर्यंत टँकर.

महावितरणला कळवायला १९१२ आहे. मोबाईल नंबर नोंदलेला असेल तर ०२२-५०८९७१०० वर मिस्ड कॉल दिला तरी तक्रार लागते. बारा आकडी ग्राहक क्रमांक डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, अंधारात बिल शोधण्यात वेळ जातो. डीपीवर रंगवलेला क्रमांक दिवसाच टिपून ठेवा. सांगताना 'लाईट नाही' एवढ्यावर थांबू नका: एकच घर, एक फेज की सगळी गल्ली, ठिणग्या दिसल्या का, तार खाली आली आहे का. तार पडली असेल तर ती बंद आहे असं कधीच धरू नका. लोकांना लांब ठेवा आणि आधी तेच कळवा.

ओळखीच्या लाईनमनला फोन करणं ही आपली आवडती वाट. लाईट लवकर येतेही, पण नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणजे कागदावर तुमची लाईट कधी गेलीच नाही. ठरलेल्या वेळेत पुरवठा सुरू झाला नाही तर भरपाई, ही तरतूद राज्य वीज नियामक आयोगाच्या विनियमांत आहे. ग्राहक हक्कांच्या २०२० च्या केंद्रीय नियमांतही ती आहे. तक्रार क्रमांक नसेल तर वेळ मोजायची कुठून? ब्रिटनमध्ये साध्या हवामानात बारा तास उलटले की भरपाई लागू होते, आणि ग्राहकांच्या अंधारातल्या मिनिटांवर वीज कंपनीचा नफा-तोटाही ठरतो. इथला लाईनमन सोलापूरच्या लाईनमनपेक्षा हुशार आहे असं मुळीच नाही. इथे मिनिटं लिहिली जातात, एवढंच.

इन्व्हर्टर काढून टाका असं अर्थातच कुणी म्हणणार नाही. १५० एएचची बारा व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण पिळायची नाही आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज वाया जाते, म्हणून हजार-अकराशे धरा. दोन साधे पंखे, चार एलईडी आणि राऊटर मिळून दोनशे वॅट होतात, म्हणजे पाचेक तास. पंखे कमी वीज खाणारे बीएलडीसी घेतले तर वेळ दुपटीच्या आसपास जाते. पाणी डिस्टिल्डच घाला, बोअरचं किंवा नळाचं क्षारी पाणी प्लेटा खातं. बॅटरी हवेशीर जागी ठेवा, पण मे महिन्यात तापणाऱ्या गच्चीच्या खोलीत नको.

सध्या दोन वाद गाजताहेत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं म्हणून छतं भरताहेत. पण बॅटरीशिवाय थेट ग्रीडला जोडलेला साधा ऑनग्रीड सोलर लाईट गेली की स्वतःही बंद होतो, भर उन्हातसुद्धा. तो दोष नव्हे. खांबावर काम करणाऱ्याला उलटा करंट बसू नये म्हणून ती सोय आहे. लाईट गेल्यावरही चालायला हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि हे विक्रेत्याने पैसे घेण्याआधी सांगायला हवं.

दुसरा वाद स्मार्ट मीटरचा. प्रीपेडला झालेला विरोध मला पटतो. उन्हाळ्यात बॅलन्स संपला म्हणून पंखा बंद होणं हे कष्टकरी घराला परवडणारं नाही. पण ब्रिटनमधला स्मार्ट मीटर वीज जाऊन तीन मिनिटं झाली की स्वतःच तसा संदेश पाठवतो. सोलापुरात मीटर बसवायला येतील तेव्हा बिलाइतकंच हेही विचारा: लाईट गेल्याची नोंद हा मीटर करणार का, ती कुणाकडे जाणार, आणि ग्राहकाला ती मागता येणार का?