ब्रूजच्या घंटामनोऱ्यात नुसतं वर पळू नका

बेल्जियममधल्या ब्रूजला गेलेली बरीच मंडळी तिथल्या घंटामनोऱ्याच्या ३६६ पायऱ्या एका दमात चढतात, वर सेल्फी काढतात आणि धापा टाकत उतरतात. माझ्या मते निम्मं तिकीट वाया. खरा ऐवज मधल्या मजल्यांवर आहे.

हा मनोरा चर्चचा नाही, गावाचा आहे. १२४० च्या सुमारास तो चौकातल्या बाजाराच्या इमारतीला जोडून उभा राहिला. १२८० च्या आगीत गावाचं दप्तर जळालं. पुढच्या सनदा खालच्याच टप्प्यावर दगडी खोलीत, लोखंडी दारांआड ठेवल्या. किल्ल्या वेगवेगळ्या मानकऱ्यांकडे, म्हणजे एकट्यादुकट्याला हात मारता येणार नाही! वरचा अष्टकोनी भाग १४८० च्या दशकातला. त्यावरचं लाकडी शिखर १४९३ मध्ये विजेनं गेलं, नंतरचं १७४१ मध्ये जळालं. मग नाद सोडला. म्हणून ८३ मीटरचा हा मनोरा वर असा बोडका दिसतो.

आता मुख्य मुद्दा. आणखी वर चढलात की एक भलंमोठं धातूचं पिंप आडवं बसवलेलं दिसेल. १७४८ सालचं. अंगभर भोकं आणि भोकांत खुंट्या. दर पाव तासाला पिंप फिरतं, खुंटी तरफ दाबते, तरफ तार ओढते आणि वरच्या घंटेवर बाहेरून हातोडा पडतो. धून बदलायची तर खुंट्या काढून दुसऱ्या भोकांत बसवायच्या. वादक वाजवतो तेव्हा मात्र हातोडा नाही. तो लाकडी दांड्यांवर मुठी मारतो, पायांनी पेडल दाबतो आणि तारेनं घंटेच्या आतला लोलक ओढला जातो. एकूण ४७ घंटा. या वादनात घंटा हलतच नाही, हलतो तो लोलक. आपल्या देवळातही तेच. (चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. मेणवलीच्या घाटावरची त्यांतलीच.)

तेव्हा घड्याळ बघून चढा. पाव तास भरायला चार-पाच मिनिटं असताना पिंपापाशी पोचा आणि थांबा. आधी खडखड, मग तारा ताणल्याचा आवाज, मग वरून नाद. ऐन ठोक्याला घंटांच्या शेजारी असाल तर कान झाका, लहान मुलांचे तर नक्कीच.

लिफ्ट नाही. एकच चक्री जिना, चढणारे-उतरणारे त्यातूनच. पायरी मधल्या खांबाकडे निमुळती होते, पाय बाहेरच्या रुंद बाजूला ठेवा. समोरून कुणी आलं तर मागच्या टप्प्यापर्यंत मागे व्हायची तयारी हवी. पाठीवरची सॅक सगळ्यात जास्त घोळ घालते, ती पोटाशी घ्या. वरच्या टप्प्यात जिना आणखी अरुंद, तिथे दोर धरूनच चढा. आत मोजकीच माणसं सोडतात, म्हणून वेळ ऑनलाइन आधीच ठरवून ठेवा. वर खिडक्यांना जाळी आहे, मोबाइलची लेन्स जाळीच्या भोकालाच टेकवा, नाहीतर फोटोत नुसती जाळीच येते. आणि गुडघे कुरकुरतात ते चढताना नाही, उतरताना.