प्रोसेसर भारी, डिस्क भंगार

पुन्हा तेच! घरच्या स्टोरेज सर्व्हरला आठ कोअरचा प्रोसेसर, झगमग लाईटीची रॅम, अन् डिस्क कोणती? दुकानात सगळ्यात स्वस्त मिळाली ती. अरे भाऊ, फोटो अन् पिक्चर साठवायला जुना चार कोअरचा आय-फाइव्ह अन् 8 जीबी रॅम पुरते. डिस्क मात्र सीएमआर घे, म्हणजे जिच्यात डेटा लिहायचे ट्रॅक वेगवेगळे असतात ती. एसएमआर या दुसऱ्या प्रकारात ट्रॅक एकमेकांवर चढलेले, म्हणून एक लिहिताना शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एक डिस्क मेली अन् रेड (एक डिस्क मेली तरी डेटा वाचावा म्हणून जोडलेल्या डिस्कांचा संच) पुन्हा बांधायला घेतलं की नवी डिस्क रडत रडत लिहिते, कधी संचातून बाहेरच फेकली जाते. खोक्यावर हे बहुतेकदा छापलेलं नसतं, मॉडेल नंबरावरून डेटाशीट बघावी लागते.

वर परभणीचा मे महिना, डिस्का एकमेकींना खेटून, अन् समोर 120 मिमीचा साधा पंखा नाही! लाईट रोज जाते, तरी लाईट गेल्यावर सर्व्हर बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर करायला हात दुखतो.