तिसरं दशक, बोरिवली

रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळेवरची प्रार्थना, म्हणायला वीस मिनिटं लागतात. तिची पाच दशकं, एकेका दशकात दहा 'नमो मरिये'. वसईहून अंधेरी फास्ट लोकलने साधारण चाळीस मिनिटं. म्हणजे अख्खी रोझरी म्हणूनही वीस मिनिटं डुलकीला उरतात. हा हिशेब मी यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चच्या पायऱ्या उतरताना केला. कागदावर तो आजही बरोबर आहे.

त्याआधीचे देवासाठी वेळ काढायचे माझे सगळे बेत फसले होते. गेल्या जानेवारीत वर्षभरात अख्खं बायबल वाचायचं ठरवलं. उत्पत्ती झरझर झालं, निर्गमातला तांबडा समुद्रही ओलांडला, आणि लेवीयमध्ये गाडी रुतली. तेराव्या अध्यायात त्वचारोग, चौदाव्यात घराच्या भिंतीवरची बुरशी. भिंतीला डाग दिसला तर याजकाला बोलावून दाखवा, तो सात दिवस घर बंद ठेवील. वसईच्या पावसाळ्यात हा नियम लावला तर जून ते सप्टेंबर आमच्या फादरना दुसरं काही कामच करता येणार नाही. मी तिथेच खूण घालून पुस्तक मिटलं. खूण अजून तिथेच आहे.

मग पहाटे पाचला उठायचं ठरवलं. त्याबद्दल न बोललेलं बरं.

मग आजेसासूबाईंची आठवण झाली. त्या पानवेलीच्या वाडीत काम करायच्या. दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की विळा खाली ठेवायचा, पदर डोक्यावर घ्यायचा आणि उभ्या जागी एंजेलसची प्रार्थना. दिवसातून तीनदा घंटा, तीनदा प्रार्थना, वेगळा वेळ काढायची भानगडच नाही. मला वाटलं, घंटा नसली म्हणून काय झालं, मोबाइल आहे. बाराचा गजर लावला, आवाजही चर्चच्या घंटेचाच शोधून काढला. पहिल्याच दिवशी महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये, वसुलीचे आकडे पडद्यावर असताना, माझ्या पर्समधून टण् टण् सुरू झालं. साहेब म्हणाले, "कोणाची शाळा सुटली?" मी पर्स पोटाशी धरून बाहेर पळाले, जिन्यात उभी राहिले आणि प्रार्थनेची पहिली ओळच आठवेना.

घरी रात्री रोझरी होते, नाही असं नाही. पण तिथे पहिली दहा मिनिटं वादात जातात. प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा, त्याला रहस्य म्हणतात, आणि कोणत्या वारी कोणती रहस्यं ते ठरलेलं असतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली प्रकाशाची पाच रहस्यं नव्याने दिली आणि गुरुवार त्यांना नेमून दिला. आमच्या सासूबाईंना हे अजून मंजूर नाही. त्यांच्या लहानपणी गुरुवारी आनंदाची रहस्यं म्हणत, म्हणून त्या आजही आनंदाचीच म्हणतात आणि मुलं मुद्दाम प्रकाशाची. नवरा दुसऱ्या दशकाला घोरायला लागतो. माझा एक कान कुकरकडे. तीन शिट्ट्यांत एक दशक बसतं, डाळ असेल तर दीड.

तर लोकल. त्यासाठी मी दहा मण्यांची अंगठी घेतली. जपमाळ गर्दीत कोणाच्या तरी ओढणीत अडकते आणि मग ती ओढणीवाली आणि आपण दादरपर्यंत एकमेकींच्या होऊन जातो. अंगठीचं तसं नाही. अंगठ्याने फिरवत राहायचं.

पहिल्या दिवशी आठ-चौदाला दोन बायकांच्या मधे उभी राहून मी सुरुवात केली. ओठ हलतात, त्याला इलाज नाही. समोर बसलेली बाई म्हणाली, "काय? अंधेरी? नाही हो, मी चर्चगेट." मी मान हलवून पुन्हा सुरू केलं. तिच्या शेजारची म्हणाली, "मी बांद्रा, पण माझी सीट बोललेली आहे." नायगाव गेलं. खाडीवर गाडी आली तसे डब्यातले कितीतरी हात जोडले गेले, आणि त्या एका मिनिटात माझ्या हलत्या ओठांकडे कोणीच बघितलं नाही. पण खाडी काही बोरिवलीपर्यंत पुरत नाही. भाईंदर आलं की लोंढा, आणि पलीकडे भजनी मंडळाचे टाळ सुरू. आमच्या डब्यातलं मंडळ फार सुरेख गातं, हीच अडचण. माझी 'नमो मरिये' नकळत त्यांच्या ठेक्यावर गेली. टाळ जलद झाले की मीही जलद. एक दशक तर मी हरिपाठाच्या चालीत संपवलं. मरियामातेला समजलं असेल, तिला सगळ्या चाली ठाऊक असणार.

बोरिवलीला तिसरं दशक तुटायचं. रोज. उतरणाऱ्या, चढणाऱ्या, "दरवाजात कशाला उभ्या राहता," आणि माझ्या डोक्यात शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी जे काही वचन आहे त्याच्या नेमकं उलट. ओठ तेच, शब्द वेगळे.

अशी उपवासकाळातली तिसरी मंगळवारची सकाळ. मंगळवार म्हणजे दुःखाची रहस्यं, जी विरार गाडीत वेगळी म्हणावी लागत नाहीत. पण त्या दिवशी चमत्कार झाला. वसईला चढल्या चढल्या मला खिडकी मिळाली. कशी, विचारू नका, कोणीतरी आजारी असणार. मी बसले, डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच चौथ्या रहस्यापर्यंत न तुटता पोचले. येशू क्रूस वाहून नेतो. वाटेत कुरेनेकर शिमोनाला धरून त्याच्या खांद्यावर क्रूस देतात.

तेवढ्यात गुडघ्याला काहीतरी लागलं. एक डोळा किलकिला केला. समोर लुगडं. त्यावर पिशवी. वर, सत्तरीच्या पुढची एक म्हातारी, एका हाताने कडी धरून.

आता डोळे मिटून बसलेली बाई प्रार्थना करतेय की सीट द्यायला नको म्हणून झोपेचं सोंग घेतेय, हे बाहेरून सांगता येत नाही. आतूनही, खरं सांगायचं तर, मला सांगता येईना. मी डोळा पुन्हा मिटला. क्रूस वाहून नेणाऱ्याच्या मदतीला मी येतेच आहे, फक्त हे दशक होऊ दे, असं काहीतरी मनात म्हणत होते. उरलेल्या 'नमो मरिये' घाईघाईत उरकल्या.

खांद्यावर थाप पडली.

"बाय, कितवं दशक?"

मी डोळे उघडले. म्हातारीच्या कडी धरलेल्या हातात माझ्यासारखीच अंगठी, झिजून गुळगुळीत झालेली.

"चौथं... नाही, पाचवं आता."

"मग म्हण. पाचवं झालं की ऊठ." आणि ती तशीच उभी राहून माझ्याबरोबर पुटपुटू लागली.

इतक्या वेगाने मी आयुष्यात प्रार्थना केलेली नाही. दहिसर जायच्या आत आमेन करून उभी राहिले, पिशवी वर ठेवली. म्हातारी सावकाश बसली, लुगडं सारखं केलं, आणि माझ्याकडे वर बघत म्हणाली,

"आठच झाल्या. दोन उभ्याने म्हण."